पेई-शानचा कौल

"मास्तर, आटपा आता. देवळातली वेळ अकराची आहे," थोरला भाऊ वेन-फू पुढच्या दारातून ओरडला. तो खाली वाकून बूट घालत होता.

वेन-यान मागच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, एका स्टुलापुढे गुडघे टेकून बसला होता. स्टुलावर त्याच्या मुलीच्या, पेई-शानच्या नावाची लाकडी पाटी होती. पाटीपुढे माशाची पेज, तळलेला टोफू, पेरूच्या फोडी आणि जेवायच्या दोन काड्या. तिला जाऊन आज शंभर दिवस झाले होते. बायको, मेई-शिऊ, त्याच्या शेजारीच बसली होती.

पुढच्या खोलीत पूर्वजांचा देव्हारा होता. आजोबा, आजी, वडील, आई, सगळ्यांच्या पाट्या तिथे एका रांगेत होत्या. पेई-शान मुलगा असती तर आज तिच्या उदबत्तीची राख त्यांच्या राखेत मिसळली असती आणि तीही त्या रांगेत बसली असती. लग्न झालेली असती तर सासरच्या देव्हाऱ्यात गेली असती. ती छत्तीस वर्षांची होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. अशा मुलींच्या पाट्या डोंगरावरच्या देवळात ठेवतात. बाहेर गाडी उभी होती.

"दादा," वेन-यान म्हणाला. हे वाक्य तो तीन महिने मनात जुळवत होता. "आईच्या पाटीशेजारी, अगदी कडेला... थोडी जागा आहे."

वेन-फू एक बूट हातात धरून तसाच उभा राहिला.

"जागा आहे रे. रीत नाही. मला काय हौस आहे का? सायकल मी शिकवली तिला. पण ही रीत काय मी काढली? आणि हे तू मला विचारतोस? जन्मभर पोरांना हेच शिकवलंस ना?"

शिकवलं होतं. तायनानच्या एका कॉलेजात वेन-यान एकतीस वर्षं जगातले धर्म शिकवत होता. कोण मेलेल्याला पुरतात, कोण जाळतात, कोण चाळीस दिवस पाळतात, कोण तेरा, कोण काय खाऊ घालतात, सगळं फळ्यावर नीट रकाने पाडून. आपल्या घरांतली अविवाहित मुलगी देव्हाऱ्यात का बसत नाही, हा प्रश्न तो दर वर्षी परीक्षेत घालायचा. पाच गुणांचा. पेई-शान त्याच्याच वर्गात होती. तिने त्याच्या वहीतलं उत्तर शब्द न् शब्द लिहिलं होतं, आणि त्याने तिला पाचपैकी पाच दिले होते.

"इतके धर्म शिकवलेत, भावजी," देव्हाऱ्यापुढची ताटं उचलता उचलता वहिनी म्हणाली. "त्यातल्या एकातही पोरीला घरात बसू देत नाहीत का?"

ती टोमणा मारत होती की रडत होती, ते त्याला कळलं नाही.

"कौल लाव बाबा," वेन-फू जरा मऊ आवाजात म्हणाला. "जेवली का विचार, म्हणजे निघू."

मेलेल्या माणसाला जेवायला वाढलं की त्याचं होईपर्यंत थांबायचं. झालं, असा कौल आल्याशिवाय ताट उचलायचं नाही आणि पाटीला हात लावायचा नाही. हे वेन-फूही मानायचा. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. त्यांची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर हो. दोन्ही फुगीर वर आले तर नाही.

पूर्वजांचा कौल वहिनीने मघाशीच घेतला होता. पहिल्या दोन वेळा 'नाही' आलं होतं. "सासूबाईंना अजून मासा हवाय वाटतं," असं म्हणून तिने आणखी वाढलं होतं.

वेन-यानने तुकडे दोन्ही हातांत धरून कपाळाला लावले.

"बाळ," तो म्हणाला, "झालं का जेवून?"

आणि हात सोडले.

एक सपाट. एक फुगीर. पहिल्याच वेळेला.

पेई-शानने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. शाळेची बस यायच्या आधी ती कोपऱ्यावर उभी असायची. दवाखान्यातही नर्सने हात मागायच्या आधी बाही वर करून बसायची.

वेन-यान वाकला. त्याची पाठ दाराकडे होती. त्याने सपाट बाजू वर असलेला तुकडा बोटाने हळूच उलटा केला.

"काय म्हणते?" वेन-फूने विचारलं.

वेन-यानने आयुष्यात कुणाची कॉपी खपवून घेतली नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये त्याची चाहूल लागली तरी पोरं पाय जवळ घ्यायची. त्याचे कान आता लाल झाले होते. त्याने मान वर केली तेव्हा मेई-शिऊ त्याच्याकडेच बघत होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"अजून जेवतेय," वेन-यान म्हणाला.

वेन-फूने घड्याळ पाहिलं. दाराच्या पायरीवर तो बूट घालूनच बसला.

मेई-शिऊ उठली. तिने स्टुलावरचा पेजेचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला.

"गार झालीय," ती म्हणाली, "गरम करून आणते."