पाचशे बारा जीबी

कार्डावर एकोणीस क्लिपांची नावं दिसत होती. पहिल्या सात उघडल्या. आठवीपासून पुढे पडदा काळाच राहिला.

अराबाने कॅमेऱ्यातून कार्ड काढलं, फुंकर मारली, परत घातलं. आठवी काळी. तेरावी काळी. एकोणिसावी नाना बोत्वे यांच्या भाषणाची होती. लांबी अकरा मिनिटं दाखवत होती, वेळही बरोबर होती. आत काहीच नव्हतं.

ती नानांच्या घराच्या आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती. बाहेर मंडपात नानांच्या धाकट्या मुलीचा, मानसाचा, साखरपुडा आटोपून जेवणं चालली होती. बँडवाल्यांनी नुकतीच पुन्हा सुरुवात केली होती. खोलीला एकच दार होतं आणि ते थेट अंगणात उघडत होतं.

नानांच्या घशात गाठ होती. उद्या राजधानीत, अक्राच्या इस्पितळात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. तीन आठवडे ते वहीवर लिहून बोलत होते, आजच्या दिवसासाठी आवाज राखून. आणि आज लेकीला आशीर्वाद देताना अकरा मिनिटं बोलले. बायका रडल्या. कॅमेऱ्यामागे अराबाही रडली.

दार उघडलं. मानसाचा थोरला भाऊ एको नानांना हाताला धरून आत घेऊन आला.

"अराबा, बाबांना त्यांचं भाषण ऐकायचंय. आत्ताच. लहान मुलासारखं करतायत."

नाना हसले. खुर्ची ओढून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यासमोर बसले आणि खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"बॅटरी उतरलीय, एकोदादा," अराबा म्हणाली. "उद्या मी..."

"उद्या पहाटे पाचला गाडी आहे. आणि उतरली कुठे? ही बघ, भरलेली दाखवतेय."

अराबाने कॅमेरा मांडीवर घेतला. बोट बटणावर ठेवलं. दाबलं नाही.

"नाना, तुमचं भाषण आलेलं नाही."

"आलेलं नाही म्हणजे?" एकोने विचारलं.

"कार्ड खोटं निघालं. वर पाचशे बारा लिहिलंय, आत बत्तीससुद्धा नसेल. भरलं तरी भरलं म्हणून सांगत नाही. नुसतं घेतंय असं दाखवत राहतं. मी दिवसभर लाल दिव्याकडे बघत होते. दिवा चालू होता."

"कुठून आणलंस?"

"ऑनलाइन. निम्म्या किमतीत मिळत होतं."

"आणि तुला कळलं नाही? तुला? सगळ्या गावाला कुठला कॅमेरा घ्या ते तू सांगतेस!"

"खोक्यावर कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलं होतं," अराबा म्हणाली. हे तिला कोणी विचारलं नव्हतं. "ते मला दिसलं होतं. म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल. साइटवर लोकांनी पाच-पाच तारे दिले होते. सगळ्यांनी एकाच तारखेला. तेही दिसलं होतं. असं कार्ड आधी घरी पूर्ण भरून बघायचं असतं. मी नाही बघितलं."

"थांब, कोणाच्या तरी फोनमध्ये असेलच की!" एको दाराकडे वळला.

"सकाळी तुम्हीच माइकवरून सांगितलंत, एकोदादा. फोन आत ठेवा, मध्ये मध्ये करू नका, आपण कॅमेरा लावलाय."

एकोचा हात कडीवरच राहिला. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नानांनी चष्मा काढला. वही शेजारीच होती, पण त्यांनी ती घेतली नाही. अराबाच्या फोनकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या घशाकडे.

"नाना, नको. डॉक्टरांनी सांगितलंय ना..."

त्यांचं बोट तसंच राहिलं. अराबाने फोन समोर धरला. तिला तो खाली ठेवायचा होता, पण त्या बोटासमोर तिचे हात हलेनात.

नानांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. घोटभर पाणी प्यायले, पुन्हा तोंड उघडलं. घसा खाजवल्यासारखा आवाज झाला आणि तुटला.

"बाबा, राहू द्या," एको भिंतीकडे बघतच म्हणाला.

नाना खुर्चीला धरून उभे राहिले. आशीर्वादाचं त्यांनी काही म्हटलं नाही. दाराकडे तोंड केलं, मान वर केली.

"मानसा!"

आवाज फाटका होता, खरखरीत होता. पण पोरं खेळता खेळता लांब गेली की आईबाप दारातून मारतात, तशी ती हाक होती.

बाहेर बँड वाजतच होता. त्याच्यावरून आवाज आला, "आले, बाबा!"

मग ती दारात उभी राहिली. डोक्यावरचे सोन्याचे दागिने एका बाजूला कललेले, बोटांना भात.

"काय हो, बाबा?"

नानांनी मान हलवली. काही नाही. हातानेच तिला जा म्हणाले.

मानसाने भावाच्या पाठीकडे बघितलं, मग अराबाकडे. "शूटिंग छान झालं ना गं?"

अंगणातून कोणीतरी नवरीला बोलावलं आणि मानसा हसत गेली.

फोनवर सगळे मिळून नऊ सेकंद होते. अराबाने ते लावले आणि फोन नानांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला धरला. हाक आली, मागे बँड, मग "आले, बाबा!" एवढंच. फोन अराबाला परत देताना नानांचे ओठ हलले. आवाज नव्हता.

"परत."

अराबाने परत लावलं.