धाकटं नाव

जुन्या ग्रंथातलं ते चित्र चिठ्ठीकाकांनी पुन्हा एकदा उजेडात धरून बघितलं. तीच लव असलेली पानं, तशीच मान खाली घातलेली जांभळी फुलं. खाली नाव मात्र भलतंच, आणि साल शंभर वर्षांपूर्वीचं.

संग्रहालयातल्या वाळवलेल्या झाडांना नावाच्या चिठ्ठ्या डकवण्यात काकांची हयात गेली होती. नियम तोंडपाठ. एकाच झाडाला दोघांनी दोन नावं दिली असतील, तर आधीचं टिकतं, धाकटं जातं. आणि हे धाकटं नाव होतं काकांच्या मुलाचं. हेच झाड काढताना तो कड्यावरून पडून गेला. त्याच्या गुरुजींनी त्या अख्ख्या प्रजातीला त्याचं नाव दिलं. तेव्हापासून काकू दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत ज्याला त्याला थांबवून सांगायच्या, "आमचा बाळ गेला नाही हो, पुस्तकात आहे!" लोक कंटाळायचे. कंटाळू देत की! त्या बाईला जगायला तेवढंच उरलं होतं.

त्या जुन्या ग्रंथाची पानं कडेला जोडलेलीच होती; काकांनीच आज ती सुरीने सोडवली. म्हणजे आजवर हे कुणी वाचलंच नव्हतं. ग्रंथ पुन्हा मागच्या फळीवर ढकलला की झालं. कोण विचारतंय?

पण काकूंपासून त्यांनी कधी काही लपवलं नव्हतं. घरी येऊन चप्पल काढायच्या आत सगळं सांगून टाकलं. काकूंनी फक्त "गप्प बसा" म्हणावं, एवढीच त्यांची आस होती.

काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाल्या, "त्या जुन्या नावाचा अर्थ काय हो?"

काका म्हणाले, "लिहिणाऱ्याच्या मुलीचं नाव आहे. सहा वर्षांची होती. तापाने गेली, असं लिहिलंय खाली."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "उद्या साहेबांना दाखवा ते पुस्तक."

"अगं, वेडी का काय तू? आपल्या बाळचं नाव पुसलं जाईल!"

"बाळला अजून आई आहे. त्या पोरीला कोण आहे?"

"आणि आपण गेल्यावर?"

"मग त्यालाही कुणी नाही," काकू म्हणाल्या. "ते बघायला आपण नसू, एवढंच."