वीस मिनिटं

क्लबात पाहुणा कितीही मोठा असो, भाषणाला वीस मिनिटं म्हणजे वीसच. नामांकित डॉक्टरांनाही अर्ध्या वाक्यात खाली बसवणारे म्हणून घंटामास्तरांचा दरारा होता.

आजच्या पाहुण्या बाई बोलताना अडखळणाऱ्या मुलांना शिकवायच्या. त्या स्वतःही शब्दाशब्दाला अडत होत्या, पण सभागृह कान देऊन ऐकत होतं.

शेवटी अध्यक्ष मास्तरांच्या कानाशी लागले, "अहो, अर्धा तास झाला. घंटा?"

मास्तरांनी हातातलं स्टॉपवॉच पुढे केलं. "सतराच मिनिटं झालीत. ती अडली की मी घड्याळ थांबवतो."

"हा कुठला नियम काढलात?"

"आमच्या घरचा आहे," मास्तर ताठ बसत म्हणाले, "ती तीन वर्षांची होती तेव्हापासूनचा."