झऱ्याची वही

काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. टाळ थांबले, मृदंगाची थाप विरली, आणि सहदेवबुवांनी उपरणं सावरत श्रीपत गुरुजींची वही हातात घेतली. बुवांचा गळाच असा, की नुसत्या तारखा वाचल्या तरी माणसं डोळे मिटून डोलत.

वही साधीच होती. देवळामागचा झरा दर साली कधी आटला, एवढंच शाळेच्या गुरुजींनी शहात्तरपासून तीत लिहून ठेवलं होतं. पहिल्या पानावर रोहिणी नक्षत्र. पुढे अक्षय्य तृतीया, मग पाडवा. यंदा, अठ्ठ्याऐंशीत, शिमग्याच्या आधीच. शेवटच्या पानावर वर्तमानपत्राचं कात्रण डकवलेलं. काल गुरुजींनी ते हौसेने बुवांना समजावलं होतं: कोळसा जळतो, तेल जळतं, त्याचा वायू हवेत साठत जातो, ऊब धरून ठेवतो, पृथ्वी तापते. आपला झराही त्यामुळेच लवकर आटत असावा.

बुवांनी ते इतकं सुरेख मांडलं, की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. देवाने धरतीला पातळ पांघरूण दिलं होतं; माणसाने त्यावर धुराच्या गोधड्या घातल्या, एकीवर एक.

"आपल्याच आईला आपण ताप आणला, मायबापहो. आता ज्याने त्याने आपापले हात बघावेत."

आपले हात कोणीच बघितले नाहीत. सगळ्यांनी सोमाचे बघितले.

सोमा खांबाला टेकून टाळ धरून बसला होता. रानात भट्टी लावून तो कोळसा पाडायचा; ठेकेदाराचा ट्रक गोणी भरून मुंबईला न्यायचा. हाताच्या रेघांत शिरलेलं काळं साबणाने निघत नसे. त्याने टाळ खाली ठेवले आणि हात मांडीखाली घेतले.

हंडी फुटली, काला वाटून झाला आणि तिथेच गावकी बसली. भट्टी मोडायची, नाहीतर आवडीच्या मांडवात गावातलं कोणी पाऊल टाकणार नाही, असं पंच भिकाजीने सांगितलं. आवडी ही सोमाची एकुलती मुलगी. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं.

गुरुजी उठले. एका भट्टीने झरा आटत नाही, म्हणाले. हा धूर साऱ्या जगाचा. देशोदेशीच्या कारखान्यांच्या हजारो चिमण्या, मोटारी, आगगाड्या. खाली बिरवाडीकडे दिसतात, त्या चिमण्याही त्यातच आल्या. भिकाजीचा धाकटा मुलगा तिकडेच कामाला होता.

भिकाजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असंल, गुरुजी. पन त्या चिमण्या आपल्या गावकीत नाय. सोमा हाय."

दोघं-तिघं हसले. आपण तसं म्हटलं नव्हतं, असं बुवा हळूच पुटपुटले. पण त्यांना पोलादपूरची एसटी धरायची होती. वही गुरुजींना परत देऊन, गावाने दिलेला शाल-नारळ घेऊन ते उतरणीला लागले.

सोमाने देवापुढे नारळ ठेवला आणि भट्टी मोडतो म्हणाला. बाजूला शेगडीवर पंचांचा चहा उकळत होता. कोळसा सोमानेच सकाळी आणून दिला होता, देवाचं काम म्हणून.

माणसं जेवायला पंगतीत बसली, तेव्हा तो गुरुजींपाशी आला.

"वही काढा, गुरुजी. लिवा. आज सोमाची भट्टी मोडली."

गुरुजींनी पेन उघडलं.

"पुढल्या साली झरा आटंल, तो दिवस बी लिवा. आन त्या दिवशी गावानं कुनाचं हात बघितलं, तेबी लिवा."

गुरुजींनी पहिली ओळ लिहिली आणि पेन धरलेला आपला हात बघितला. बोटांवर काल्याचं दही सुकून पांढरं झालं होतं.