गंजीतली पहार

“साहेब, गंजी आपली आपण पेटती का हो?” बलभीमनं तिसऱ्यांदा विचारलं.

“आधी बघू द्या,” अंबादास म्हणाला. आगीच्या तपासासाठी जिल्ह्याहून तो माकणीला आला होता आणि राखेत गुडघे टेकून बसला होता. कडब्याची गंजी जळाली होती. तिला लागून असलेलं छप्पर जळालं होतं. छपरात झोळी बांधलेली होती, आणि झोळीत बलभीमचं लेकरू झोपलेलं होतं.

“आग इझल्यावर येनारं खातं हे,” बांधावरचा म्हातारा म्हणाला. “त्यात बघायचं काय? कमळीनं चुलीतली राख न इझवता टाकली. ती सोताच सांगती की.”

बलभीमची बायको कमलबाई खाली मान घालून उभी होती. अंबादासला बलभीमचं कौतुक वाटलं. सारा गाव बायकोला बोल लावत होता, आणि हा एकटा तिला सोडवायला धडपडत होता.

ती सुटणारही होती. जिथं राख टाकली तो उकिरडा आणि गंजी, यांच्यामधलं वाळकं गवत तसंच उभं होतं. गंजीच्या कडेचा कडबा नुसता काळा पडला होता, गाभ्याची मात्र पांढरी राख झाली होती. अवकाळीत भिजलेला कडबा तसाच रचलेला. ओला कडबा रचू नका, तो आतून तापतो आणि पेटतो, हेच सांगत अंबादास गावोगाव फिरायचा.

गाभ्यात त्याच्या हाताला पहार लागली. तो थबकला. गंजीचा संशय आला की शेतकरी तिच्यात पहार खुपसतात, थोड्या वेळानं काढून हात लावतात. चटका बसला तर गंजी लगेच मोडायची. म्हणजे कुणीतरी बघितलं होतं.

कमलबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिच्या तळव्यावर भाजल्याचा सरळ पट्टा होता, पहारीएवढा रुंद.

“मालकांना सांगितलं नव्हतं?” त्यानं हळूच विचारलं.

“सांगितलं की. तुमी बी हात लावून बघा म्हनलं, पहार परत खुपसून ठिवली. उद्या मोडू म्हनले.” तिनं मूठ मिटली. “आता सारखं हिरीच्या काठावर जाऊन बसत्यात, साहेब. लेकरू तर गेलं. तुमी राखच म्हना.”

बलभीम जवळ आला. तो राखेकडं बघत नव्हता, पहारीकडंही नाही. अंबादासच्या तोंडाकडं बघत होता. बायकोसाठी विचारणाऱ्याची ती नजर नव्हती.

“पेटती का, साहेब?”

अंबादासनं पायानं पहारीवर राख लोटली.

“नाही,” तो म्हणाला. “गंजी आपली आपण पेटत नाही.”