खाण्याचा आणि याचा संबंध

मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एलिसेओ सहा महिने रोज कालवं खात होता. पुरुषांच्या त्या तक्रारीवर हाच उपाय, असं बंदरावर सगळे म्हणायचे. गुण काही येईना. शेवटी बायकोला न सांगता तो डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"बाकी दिवसभर काय खाता?" बाईंनी विचारलं.

"खाण्याचा आणि याचा काय संबंध?"

"तिथेही रक्तच पोचावं लागतं, एलिसेओभाऊ. गोड आणि तेलकट खाऊन आधी बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. कोला, तळलेलं सोडा. घेवडा, पालेभाजी, भाजलेले मासे खा."

एलिसेओ चमकला. "घरात महिनाभर हेच चाललंय. बायकोनं डुकराची चरबी बंद केली, कोला बंद केला. मी रोज तिच्याशी भांडतो आणि बाहेर तळलेलं खाऊन येतो. तिला हे कुणी सांगितलं?"

"इथे आलेल्या बाईचं बोलणं मी कुणाला सांगत नाही," बाई म्हणाल्या. "तुमचंही सांगणार नाही."

दुपारी घरी त्याच्या बायकोनं, निकोलासानं, नेहमीसारखं काळ्या घेवड्याचं वाडगं त्याच्यासमोर ठेवलं. आज न भांडता त्यानं ते संपवलं.

"अजून आहे का गं?" त्यानं विचारलं.