आठाचे पाच

कुठे काय बोलावं याचा पाचपोच लेकाला कधी आलाच नाही, हेच माईंचं दुखणं. आत सुनेचं पोट उघडलेलं. दोन तासांत आटपेल असा डॉक्टरांचा अंदाज होता, आणि तिसरा तास संपत आला होता. हा मात्र ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर येरझाऱ्या घालत, फोनवर हाताखालच्या पोरीला झापत होता.

"कॉम्प्युटरचा प्रोग्राम पाच दिवसांत लिहून देणार होतीस ना? आज सहावा!"

पोरीनं अंदाज आठाचा दिला होता. यानंच जेवता जेवता आठाचे पाच करून गिऱ्हाईकाला कळवले, ते माईंनी आपल्या कानांनी ऐकलं होतं.

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली. "गाठ आतड्याला चिकटलीय. अजून किती वेळ लागेल, सांगता येत नाही."

लेकाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं फोन बंद केला. "लागू दे हो लागेल तेवढा," तो काकुळतीनं म्हणाला. "डॉक्टरांना म्हणावं, अजिबात घाई करू नका."

दार पुन्हा मिटलं. माईंनी हातातली जपमाळ घट्ट आवळली आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या,

"नशीब तुझ्या बायकोचं, डॉक्टर तुझ्या हाताखाली नाही."